जातो म्हणू नये

न्यायाधीश अटी वाचून दाखवत होते तेव्हा शटरवाल्याचं लक्ष अटींकडे नव्हतंच. ते मेहुण्याच्या जबड्याकडे होतं. जबडा छान भरून आला होता, आणि शटरवाल्याला नेमका त्याचाच राग येत होता. मेहुण्याच्या शेजारी धाकटी बसली होती, शटरवाल्याची बहीण. एवढ्या उकाड्यात तिनं लांब बाह्यांचा कुर्ता घातला होता आणि बाह्या मनगटाच्याही पुढे ओढून धरल्या होत्या. त्या बाह्यांच्या आत काय आहे, हे कोर्टात कोणी विचारलं नाही. भावानं नवऱ्याला मारलं तेव्हा तुम्ही कुठे होता, एवढंच विचारलं. ती म्हणाली, स्वयंपाकघरात होते, मला काही दिसलं नाही.

"अटी समजल्या का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो," शटरवाला म्हणाला. त्यानं एक शब्द ऐकला नव्हता.

पहिलाच गुन्हा, मारलं तेही हातानं, आणि कबुली दिलेली. म्हणून तुरुंग टळला. वर्षभर नीट वागायचं, प्रोबेशनच्या बाईंच्या देखरेखीखाली राहायचं, अटी मोडल्या तर शिक्षा भोगायची, असा निकाल झाला. अटींचा कागद त्याच्या हातात पडला तशी त्यानं त्याची चौघडी घातली आणि हत्यारांच्या पेटीत, ग्रीसच्या डब्याखाली सारून दिला.

तो दुकानांची लोखंडी शटरं बसवायचा आणि दुरुस्त करायचा. शटरच्या डोक्यावर, आडव्या दांड्याच्या पोटात, घट्ट पिळलेली स्प्रिंग असते. ती सोडवताना ज्यानं घाई केली त्याची बोटं गेली. शटरवाल्याची दहाही बोटं शाबूत होती, म्हणजे कामात त्याच्याइतका सबुरीचा माणूस गल्लीत नव्हता. ही सबुरी पेटीबरोबर दुकानातच कशी राहते, घरी का येत नाही, असं त्याची आई विचारायची. आईचं सगळं बोलणं असंच असायचं, टोचून झालं की वर हळद लावल्यासारखं. जावईबापूंचं औषधांचं दुकान होतं, बोलणं गोड होतं, आल्यागेल्याला ते वाकून नमस्कार करायचे. अशा माणसावर हात टाकणारा आपला मुलगाच, याची तिला लाज वाटत होती. धाकटीच्या बाह्यांबद्दल ती बोलत नव्हती. काही गोष्टी बघितल्या की खऱ्या होतात, म्हणून बघायच्याच नाहीत, अशातली ती होती.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी धाकटीचा आईला फोन आला. दादाला सांग, आपल्याला भेटायची बंदी आहे, मी त्याला दिसले तरी तो आत जाईल. एवढं बोलून तिनं घाईनं फोन ठेवला. आईनं निरोप जसाच्या तसा दिला. शटरवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण करणार काय? आता धाकटीचं घर, तिची गल्ली आणि धाकटी, सगळं एका कुलपात गेलं होतं. आणि किल्ली ज्याच्या खिशात होती, तोच कोर्टाच्या कागदावर पीडित होता.

प्रोबेशनच्या बाईंची खोली पूर्वी कोठीची असावी. एकच खिडकी, तीही उंचावर. कपाटाचं दार बिजागरीतून निसटलेलं आणि खुर्चीच्या आखूड पायाखाली पुठ्ठा. बाई निवृत्तीला आलेल्या. घसा सारखा बसायचा म्हणून त्या खणातून खडीसाखरेचा खडा काढून गालात धरायच्या आणि तो विरघळेपर्यंत समोरच्याला बोलू द्यायच्या. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, कागद वाचलात का? शटरवाला म्हणाला, वाचला. बरोबर आणलाय? नाही आणला. मग मी माझ्याकडचा वाचून दाखवते, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा लावला, तेवढ्यात त्याचा संयम सुटला.

"कशाला वाचता, मॅडम? सगळं समजलंय मला. मार खाणारीचा भाऊ गुन्हेगार आणि मारणारा साव. यात न समजण्यासारखं आहे काय?"

बाईंनी चष्मा काढला. त्या रागावल्या नाहीत, आणि त्याला त्याचाही राग आला. त्या एवढंच म्हणाल्या की हे समजणं निराळं आणि अटी समजणं निराळं, दोन्ही एकाच वेळी डोक्यात मावतात, सवयीनं जमतं. पुढच्या सोमवारी कागद घेऊन या. पुढच्या सोमवारी तो कागद विसरला. त्याच्या पुढच्या सोमवारी बाईंकडे दुसऱ्याच कुणाची रडारड चालली होती. त्यानं हजेरीची सही केली आणि सटकला.

त्यानंतर बेकरीचं प्रकरण झालं.

बेकरीवाले काका म्हणजे त्याचं जुनं गिऱ्हाईक. त्यांचं शटर अर्ध्यावर अडकून बसलं होतं आणि काका त्याखालून, वाकून उभ्या गिऱ्हाइकांना पाव विकत होते. आज सगळे माझ्या पाया पडतायत, असं म्हणून आपल्याच विनोदावर हसत होते. शटरवाल्यानं शिडी लावली, वाकलेली पट्टी काढली, ठोकून सरळ केली, खाचेत तेल सोडलं. काम संपत आलं तेव्हा त्याला शिडीवरून समोरच्या फळवाल्यापाशी मेहुणा दिसला. मागे धाकटी. हातात पिशव्या. तिनं वर बघितलं, आणि लगेच खाली बघितलं.

शटरवाल्याचे हात शिवशिवले. तो स्वतःला म्हणाला, नाही. शिडीवरून उतरला, पाठ फिरवली, पेटी आवरली. आयुष्यात इतका नीट तो कधी वागला नव्हता. मेहुण्याकडे बघितलं नाही, धाकटीला हाक मारली नाही, थुंकलासुद्धा नाही. काका आत भट्टीपाशी गेले होते, म्हणून निघताना त्यानं दुकानात तोंड घालून मोठ्यानं सांगितलं, "येतो मी!"

आता हे कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. घरातून बाहेर पडताना आपण जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. शटरवाला लहानपणी एकदा दप्तर पाठीला लावून "जातो गं" म्हणाला होता, तर आईनं उंबऱ्यातून परत बोलावून पाठीत धपाटा घातला होता. जाणारी माणसं परत येत नाहीत, येतो म्हण. निरोप देणाऱ्यानंही ये म्हणायचं, या म्हणायचं. जा म्हणायचं नाही. धाकटीला हे त्याच्यामुळे फुकट शिकायला मिळालं, धपाट्याशिवाय. तेव्हापासून दोघं भावंडं येतो-येते म्हणूनच घराबाहेर पडत आली होती.

दोन दिवसांत बाईंचा निरोप आला की सोमवारची वाट न बघता ताबडतोब या. तक्रार आली होती. अमुक ठिकाणी भर रस्त्यात, हातात हातोडी असताना, आरोपीनं तक्रारदाराला उद्देशून "येतो मी" अशी धमकी दिली.

शटरवाल्यानं ते ऐकलं. मग शब्द सुचले ते सगळे एकदम सुचले. बाईंनी खडीसाखरेचा खडा गालात धरला आणि त्याला बोलू दिलं. मेहुण्याच्या सात पिढ्या झाल्या, कोर्ट झालं, वकील झाला, बाईंची खोली आणि त्यांचं मोडकं कपाटही झालं. मी आता तोंड शिवून फिरू का, असं त्यानं विचारलं. माणसानं बेकरीतून निघताना काय म्हणायचं तेही त्या औषधवाल्याला विचारून ठरवायचं का? शेवटी त्यानं खुर्ची मागे ढकलली, पुठ्ठा निसटला, खुर्ची कलंडली. काय लिहायचं ते लिहा, टाका आत, असं म्हणून तो तणतणत दाराशी पोचला आणि चौकटीत पाय ठेवता ठेवता त्याच्या तोंडून निघून गेलं, "येतो, मॅडम."

"थांबा," बाई म्हणाल्या. "ही आता मला धमकी समजू का?"

तो चौकटीतच थिजला. बाईंच्या गालातला खडा हलत होता. त्या हसत होत्या.

"हेच लिहिणार आहे मी," त्या म्हणाल्या. "खुर्ची पाडली हे लिहिणार नाही. बेकरीवाल्यांचं म्हणणंही घेईन. खुर्ची उचला, पुठ्ठा होता तसा लावा आणि बसा. पेटी आणलीय ना? कागद त्यातच असणार."

कागद निघाला. ग्रीसनं कडा पारदर्शक झाल्या होत्या. बाई म्हणाल्या, मी वाचणार नाही, तुम्ही वाचा, मोठ्यानं. मग तो वाचत गेला आणि प्रत्येक अटीपाशी त्या त्याला थांबवून विचारत गेल्या, म्हणजे काय, तुमच्या शब्दांत सांगा. शहराबाहेर परवानगीशिवाय जायचं नाही. म्हणजे? शेजारच्या गावातलं काम आधी विचारून घ्यायचं. बरोबर. विचारलंत तर मी नाही म्हणत नसते, न विचारता गेलात तर मला काही करता येत नाही. दारू नाही. घर बदललं तर कळवायचं. कुणावर हात उचलायचा नाही. इथं तो अडला.

"रागच येतो, मॅडम. तो काय दारावर टांगून ठेवू?"

"राग येऊ द्यायचा नाही असं कुठे लिहिलंय? दाखवा."

त्यानं शोधलं. वरून खाली, खालून वर. नव्हतं.

"राग तुमचा. त्याच्यावर कोर्टाचा हक्क नाही, माझाही नाही," बाई म्हणाल्या. "हात मात्र वर्षभर आमचा. पुढचं वाचा."

पुढची अट होती ती तक्रारदाराच्या घरी किंवा दुकानी जाऊ नये, त्याच्याशी प्रत्यक्ष, फोनवरून किंवा दुसऱ्याच्या मार्फत संपर्क ठेवू नये, अशी. तीही त्यानं आपल्या शब्दांत सांगितली. मेहुण्याच्या दारात पाय नाही, त्याच्याशी बोलणं नाही, त्याला निरोप नाही. आणि बहिणीला भेटायचं नाही.

"हे शेवटचं कुठे आहे?"

"म्हणजे काय, आहेच ना. बंदी आहे."

"कागदावर बोट ठेवून दाखवा."

त्याचं काळं बोट ओळीवरून फिरलं. तक्रारदार. त्याचं घर. त्याचं दुकान. बहिणीचं नाव नव्हतं, नातं नव्हतं, काही नव्हतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं भेटायची बंदी आहे म्हणून?" बाईंनी विचारलं.

"आईनं."

"आईला कोणी सांगितलं?"

"बहिणीनं."

"आणि बहिणीला?"

त्यानं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. म्हणजे इतके दिवस धाकटी आपल्याला चुकवत होती ती आपल्यालाच वाचवायला. त्या घरात ती मार खात होती आणि एकटी दाराबाहेर पाय टाकत नव्हती, कारण तिला सांगितलेलं होतं की तू बाहेर पडलीस तर तुझा भाऊ तुरुंगात जाईल. कोर्टानं शटरवाल्याच्या हातात बेडी घातली नव्हती. मेहुण्यानं तीच बेडी उचलून धाकटीच्या हातात घातली होती. आणि आपण? आपण कागद ग्रीसखाली टाकून गावभर दातओठ खात फिरत होतो. वाचायला किती वेळ लागला असता?

तो उभा राहिला. बाईही उभ्या राहिल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"कुठे निघालात? त्याच्या घरी? जा. तिथं तुम्ही पोचलात की त्याचं काम झालं. त्याला हेच हवंय. मग तुम्ही आत आणि ती कायमची त्याच्या ताब्यात. बंदी तुमच्या पायांना आहे, तिच्या नाही. तिला हे फक्त कळायला हवं. तुमच्या घरात दुसरं कोणी आहे ना, चालतंबोलतं?"

मग त्या खाली बसल्या, दुसरा खडा काढला आणि त्याला एक एक गोष्ट समजावून सांगितली. निरोप बहिणीसाठी असेल तर तो संपर्क नव्हे, पण तो तिच्याच कानावर पडला पाहिजे. तक्रार करायची की नाही ते ती ठरवेल, तुम्ही नाही. करायची ठरली तर तिला माझ्याकडे आणा, पुढची वाट मी दाखवीन. तिला दुखतंखुपतं असेल तर आधी डॉक्टर. ती तुमच्याकडे राहायला आली तर मला त्याच दिवशी कळवा. आणि तिच्या मागोमाग तो तुमच्या दारात आला तर तुम्ही आतल्या खोलीत जायचं, दार लावायचं, मला फोन करायचा. बाकी काही म्हणजे काही करायचं नाही.

"माझ्या घरात मी लपून बसू?"

"हो," बाई म्हणाल्या. "जमेल?"

घरी येऊन त्यानं आईसमोर कागद धरला. आई चष्मा शोधत बसली, मग म्हणाली, तूच वाच. त्यानं वाचला, बाईंनी वाचून घेतला होता तसाच, थांबत थांबत. तक्रारदार म्हणजे कोण, ते सांगितलं. आई कागदाच्या घडीवर घडी घालत राहिली. जावईबापूंनी आपल्यालाही निरोप्या करून वापरलं, हे तिच्या ध्यानात यायला तेवढा वेळ लागला असावा. मग ती उठली, चपला घातल्या.

"आई, त्याला एक शब्द बोलू नकोस," शटरवाला म्हणाला.

"मी त्याच्याकडे कशाला जाऊ? मी माझ्या लेकीकडे चाललेय," आई म्हणाली. जावईबापू हा शब्द त्या दिवसापासून तिच्या तोंडून गेला तो गेलाच.

ती एकटीच परत आली. दुकान उघडं असायच्या वेळी गेली होती, त्यामुळे घरात धाकटीच होती. ती काय म्हणाली, असं त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं. आई म्हणाली, काही नाही म्हणाली. बाह्या वर करून दाखवल्या. एवढं सांगून आई मोरीत गेली आणि नळ मोठा सोडून बराच वेळ भांडी घासत राहिली. त्यातली निम्मी आधीच घासलेली होती.

धाकटी दुसऱ्या दिवशी दुपारी आली, एका पिशवीनिशी. शटरवाला जेवायला घरी आला होता. तिला दारात बघून तो उठला, पण जवळ जायचं धैर्य होईना; तिला कुठे हात लावला तर दुखणार नाही, हे त्याला कळत नव्हतं. तीच म्हणाली, "दादा, तुझं ताट गार होतंय." मग ती खाली बसली आणि त्याच्याच ताटातलं खायला लागली, लहानपणी खायची तशी, पुसून. त्यानं बाईंना फोन करून कळवलं. बाई म्हणाल्या, मी कार्यालयातच आहे.

औषधवाला अंधार पडायच्या आत आला. आधी हाका गोड होत्या. मग दारावर थाप पडली. आईनं शटरवाल्याकडे बघितलं. शटरवाल्यानं आपल्या हातांकडे बघितलं. दार आणि तो यांत चार पावलं नव्हती. कधी कुठल्या गोष्टीची इतकी तहान त्याला लागली नव्हती. तो वळला, आतल्या खोलीत गेला, दार ओढून घेतलं, कडी लावली आणि फोन लावला. बाई म्हणाल्या, ठेवू नका, तसाच चालू ठेवा.

बाहेर आईनं दार उघडल्याचा आवाज आला.

"कुठे लपलाय तो?" मेहुण्याचा आवाज आला. "ए शटर! बंद झालास काय? ये ना बाहेर. हात फार चालत होता तुझा. आता काय बायकांच्या मागे बसलायस?"

शटरवाल्यानं फोन कानाला दाबला आणि दुसऱ्या हातानं खाटेचा लोखंडी पाय पकडला. लोखंड त्याच्या ओळखीचं होतं. त्यानं ते इतकं आवळलं की बोटं पांढरी पडली. मेहुणा बोलत होता. भित्रा म्हणाला, बापाचं नाव काढलं, हातोडीचा विनोद केला. प्रत्येक वाक्य मोजून मापून कडीवर टाकत होता, कडी उघडावी म्हणून. फोनमध्ये नुसता बाईंचा श्वास ऐकू येत होता.

मग धाकटीचा आवाज आला, फार मोठा नाही.

"तो बाहेर येणार नाही. काय बोलायचं ते माझ्याशी बोला. आणि मला भेटायची त्याला बंदी नाही, हे मला कळलंय."

मेहुण्यानं आवाज बदलला. आता तो दुकानातला आवाज होता, गोळ्या देताना लावतो तो. तू चिडलीयस, तुझी चूक नाही, आईकडे दोन दिवस राहावंसं वाटलं तर राहा, मी कधी नाही म्हटलंय का. लोकांना तमाशा कशाला दाखवायचा. "राहा तू आज," तो म्हणाला. "उद्या न्यायला येतो."

"येऊ नका."

"बरं, परवा येतो."

"जा," धाकटी म्हणाली.

एवढ्या वर्षांत त्या उंबऱ्यावर हा शब्द कुणाला बोलला गेला नव्हता. पाहुण्याला नाही, फेरीवाल्याला नाही, शेजारच्या भांडकुदळ काकूंनासुद्धा नाही. शटरवाल्याला वाटलं, आता आई टोकेल. या म्हण, असं म्हणेल.

"काय म्हणालीस?" मेहुण्यानं विचारलं.

"ऐकू आलं ना तुम्हाला," आई म्हणाली. "जा म्हणाली ती."

पावलं वाजली. फाटक आपटलं. मग दार लागलं, वरची कडी, खालची कडी, आणि आईनं कधी लावत नसलेला मधला अडसरही.

शटरवाल्यानं खाटेचा पाय सोडला. बोटं सरळ व्हायला वेळ लागला. मेहुण्याचा जबडा अजून जागेवर होता, आणि याचा राग त्याला कोर्टात आला होता तेवढाच आत्ताही येत होता, तसूभर कमी नाही. फोनमधून बाई हाका मारत होत्या. काय झालं, बोला, काय झालं?

"गेला," तो म्हणाला.

"गेला?" बाईंचा आवाज चिरकला. "गेला म्हणजे? अहो, काय केलंत तुम्ही?"

"चालत गेला, मॅडम. आपल्या पायांनी."

पलीकडे बाईंनी सोडलेला श्वास त्याला ऐकू आला, आणि मग खडीसाखरेचा खडा दातांखाली कडकन फुटल्याचा आवाज. जरा वेळानं त्यांनी विचारलं की राग गेला का. तो म्हणाला, नाही, मॅडम, आहे अजून.

"असू द्या. उद्या बहिणीबरोबर त्यालाही घेऊन या," बाई म्हणाल्या. "हात मात्र खिशात ठेवून."